जिव्हेची शाळा

‘दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकहि फुंकून पितो’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळलेली आहे कीं, तिचा अर्थ कोणी नव्यानें विचारूं लागल्यास आपणांस हंसूं यावें. तथापि जरा थांबून पाहिलें तर तींत एक बारीक मर्म आहे. तोंड पोळलेला मनुष्य दूध किंवा ताक टाकून देत नाहीं. तो तें फुंकून पितो. त्याची भीति उष्णतेची असते, चवीची नसते. याच्या उलट, एखादे दिवशीं दूध प्यायल्यावर चार घटकांनीं ज्याला मळमळून ओकारी झाली, त्याच्यापुढें तेंच दूध गार करून, केशर घालून, चांदीच्या पेल्यांतून ठेवलें तरी तो तोंड फिरवितो. पहिल्याला भय वाटतें. दुसऱ्याला शिसारी येते. या दोहोंच्या शाळा वेगळ्या, गुरु वेगळे, आणि शिकलेला पाठ विसरण्याची रीतहि वेगळी. यांपैकीं दुसऱ्या शाळेविषयीं, म्हणजे पशुपक्षी नावडीचा धडा कसा गिरवितात व कसा विसरतात याविषयीं, आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या ज्ञानाचा आमच्या घरांत काय उपयोग झाला तेंहि ओघानें येईलच.

आमचें आयुष्य संस्कृताच्या रूपावली घोकून घेण्यांत गेलें. प्राणिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु आमचा एक पुतण्या नागपुरास पशुवैद्यकाचा अभ्यास करीत असून, सुटींत घरीं आला म्हणजे रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर बसून तो आम्हांस हे विषय समजावून देतो. गुरु-शिष्यांच्या जागा अशा बदलल्याचा आम्हांस आनंदच वाटतो. त्याच्याकडून ऐकलेलें, त्यानें आणून दिलेलें वाचलेलें आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या या अरण्यप्रांतांत डोळ्यांनीं पाहिलेलें असें सर्व एकत्र करून पुढील निवेदन केलें आहे.

या विषयाचा पाया जॉन गार्सिया या अमेरिकन शास्त्रज्ञानें घातला. किरणोत्सर्गाचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्को येथील आरमाराच्या प्रयोगशाळेंत करीत होते. किरणांच्या पेटींत ठेवलेले उंदीर पाणी पिईनासे होत. आपल्या नेहमींच्या पिंजऱ्यांत परत नेले म्हणजे मात्र पूर्ववत् पीत. शोध करतां असें दिसलें कीं, पेटींतील पाण्याच्या बाटल्या प्लास्टिकच्या असून पिंजऱ्यांतील कांचेच्या होत्या. प्लास्टिकची किंचित् चव पाण्यास लागत असे, आणि किरणांनीं मळमळलेला उंदीर त्या चवीलाच अपराधी धरीत असे. मग १९५५ सालीं गार्सिया व त्यांचे सहकारी यांनीं पाण्यांत सॅकरीन घालून तोच प्रयोग रीतसर केला. गोड पाणी पीत असतां ज्या उंदरांवर किरण सोडले होते, त्यांनीं तें पाणी एकाच अनुभवानें वर्ज्य केलें. किरणांना रंग नाहीं, वास नाहीं, आवाज नाहीं. तेव्हां दोष द्यावयास बिचाऱ्या उंदरापाशीं तोंडांतल्या चवीखेरीज दुसरें होतें तरी काय!

पुढें १९६६ सालीं गार्सिया आणि कोलिंग यांनीं याहून मार्मिक प्रयोग केला. उंदरानें नळीला जीभ लावतांच पाणी गोड लागावें, त्याच क्षणीं दिवा लुकलुकावा आणि टकटक आवाजहि व्हावा, अशी योजना त्यांनीं केली. नंतर कांहीं उंदरांना पायांस विजेचा झटका दिला, व कांहींना किरणांनीं अगर औषधानें मळमळविलें. झटका बसलेले उंदीर पुढें दिव्याच्या व आवाजाच्या पाण्यास भिऊं लागले, पण गोड पाणी खुशाल पीत. मळमळलेले उंदीर गोड पाण्यास शिवेनात, पण दिव्याची व आवाजाची त्यांनीं पर्वा केली नाहीं. बाहेरून आलेल्या दुःखाचा संबंध डोळ्या-कानांशीं आणि आंतून आलेल्या दुःखाचा संबंध जिभेशीं, अशी वांटणी सृष्टीनें आधींच करून ठेवलेली आहे. आमच्या म्हणींतलें दूध आणि ओकारीचें दूध यांतील भेद तो हाच.

दुसरा चमत्कार काळाचा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलाव्ह यांच्या प्रसिद्ध कुत्र्याला घंटेचा आणि अन्नाचा संबंध जोडतां यावा म्हणून दोहोंत फार तर कांहीं क्षणांचें अंतर ठेवावें लागे, व पाठहि पुनःपुन्हां द्यावा लागे. जिभेच्या शाळेंत चव आणि आजार यांच्यामध्यें तासच्या तास लोटले तरी धडा पक्का बसतो, आणि बहुधा एकाच वेळेंत बसतो. ‘राम’ शब्दाचीं विभक्तिरूपें मुलांकडून वर्षभर घोकवून घेतलेल्या आमच्यासारख्यास या गुरूचा हेवा वाटल्यास नवल नाहीं. मात्र हा गुरु परिचित अन्नावर लवकर आळ घेत नाहीं. पूर्वीं अनेकदां सुखरूप खाल्लेल्या पदार्थास सोडून त्या दिवशीं जो नवीन पदार्थ पोटांत गेला असेल त्याच्याकडे तो प्रथम बोट दाखवितो. रोजच्या वरणभाताची शिसारी सहसा बसत नाहीं. लग्नांत प्रथमच खाल्लेल्या पक्वान्नाची बसते.

आमच्या इकडील शेतकऱ्यास ही गोष्ट पुस्तकावांचून समजलेली आहे. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि पलीकडे वडसा, आरमोरी हा सारा धानाचा मुलूख. बांध्यांच्या धुऱ्यांवर उंदरांचीं बिळें असतात आणि लोंबी भरूं लागली कीं त्यांची धाड पडते. त्यांवर झिंक फॉस्फाइड नांवाची काळसर भुकटी दाण्यांत तेलाबरोबर कालवून बिळापाशीं टाकतात. परंतु पहिल्याच दिवशीं विषारी दाणे टाकले तर काम फसतें. उंदीर नव्या वस्तूस मोठा साशंक असतो. तो कणभर चाखून पाहतो आणि वाट पाहतो. त्याला ओकारी करतां येत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही सावधगिरी त्याला किती आवश्यक आहे तें कळेल. कणभर विषानें तो मरत नाहीं, आजारी पडतो. आणि बरा झाला म्हणजे आठवडेच्या आठवडे त्या दाण्यास तोंड लावीत नाहीं. म्हणून कृषिखात्याचे लोक सांगतात कीं, आधीं दोन-तीन दिवस निव्वळ तेल लावलेले दाणे टाकावे, उंदरांचा विश्वास बसूं द्यावा, आणि मग विष घालावें. त्यांतूनहि वांचलेल्यांसाठीं ब्रोमाडिओलोनसारखें दुसऱ्या जातीचें विष वापरतात. त्यानें रक्त गोठण्याची क्रिया हळूहळू बंद पडते आणि उंदीर कांहीं दिवसांनीं मरतो. तोंवर कोणत्या घासाला दोष द्यावा हें त्याला उमगत नाहीं. जिभेची शाळा कोठें संपते, हें मनुष्यानें येथें बरोबर हेरलें आहे.

पक्षी या शाळेंत डोळ्यांनींहि शिकतात. पडीक जमिनींत उगवणाऱ्या रुईच्या पानांवर एक अळी वाढते. तिचें पुढें नारिंगी पंखांचें, काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असलेलें फुलपाखरूं होतें. रुईच्या चिकांतील विषारी द्रव्यें अशा फुलपाखरांच्या अंगांत उतरलेलीं असतात. म्हणून तें घाईनें उडत नाहीं. संथपणें, जणूं राजमार्गानें जातें. त्याच्या अमेरिकन भाऊबंदावर लिंकन ब्रोवर यांनीं प्रयोग केले. तें फुलपाखरूं एकदां खाऊन ओकलेला निळा जे पक्षी पुढें तसे पंख नुसते पाहून मागें सरे. १९७१ सालीं लावा पक्ष्यांवर झालेल्या एका प्रयोगांत निळ्या रंगाचें आंबट पाणी पाजून त्यांना आजारी केलें, तेव्हां त्यांनीं आंबटपणापेक्षां निळ्या रंगाचाच अधिक धसका घेतला. रात्रीं हुंगून अन्न शोधणाऱ्या उंदरानें चव लक्षांत ठेवावी आणि दिवसा पाहून टिपणाऱ्या पक्ष्यानें रंग लक्षांत ठेवावा, हें युक्तच आहे. या शिक्षणाचा फायदा लबाडहि घेतात. आपल्याकडेच आढळणाऱ्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी निर्विष असून रुईवरील फुलपाखराचा हुबेहूब वेष घेते आणि पक्ष्यांच्या स्मरणशक्तीवर आपला जीव राखते.

येथवर जिभेची थोरवी झाली. आतां तिची मर्यादा पाहूं. पहिली मर्यादा अशी कीं, विद्यार्थी जगला तरच धडा उपयोगी पडतो. गुरांना दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं आपल्या सरकारनें जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. तोंवर देशांतील बहुतेक गिधाडें नाहींशीं झालीं होतीं. गडचिरोलीच्या जंगलांत उरलेल्या गिधाडांसाठीं वनखात्यानें निर्धोक मांसाचीं ‘उपाहारगृहें’ काढलीं, तीं या कारणानेंच. पहिल्याच घासाला मृत्यु ठेवलेला असेल तर शाळेंत विद्यार्थी उरावा कोठून?

दुसरी मर्यादा याहून फसवी. विष सावकाश भिनत असेल आणि मळमळ होत नसेल, तर जीभ कांहींच शिकत नाहीं. उलट त्या अन्नाची गोडी लागते. याचें मोठें उदाहरण म्हणजे आमच्या भागांतील लाखोळी. धान कापणीस येण्यापूर्वींच ओल्या बांधींत हिचें बीं फेंकतात. तिला मशागत नको, पाणी नको, आणि दुष्काळांत सर्व पिकें गेलीं तरी ही उभी राहते. तिची डाळ चवीला चांगली. परंतु दुसरें अन्न नसल्यामुळें जो कित्येक आठवडे मुख्यत्वें तिच्यावरच राहील, त्याचे पाय ताठून तो कायमचा पंगु होण्याचें भय असतें. रोजच्या जेवणांत थोडीशी डाळ आली तर असें होत नाहीं. आणि पुष्कळ पाण्यांत भिजवून व उकडून तें पाणी टाकून दिल्यास दोष कमी होतो. ही डाळ खाऊन कोणास ओकारी होत नाहीं, म्हणून कोणाच्या जिभेनें तिला कधीं नाकारलें नाहीं. नाकारलें तें ग्रंथांनीं. ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकांतील आयुर्वेदग्रंथांत त्रिपुट, म्हणजे हीच लाख, मनुष्यास लंगडें व पंगु करते असें नमूद आहे. पुढें १९६१ सालीं सरकारी नियमानें तिच्या विक्रीस बंदी घालण्याची तरतूद झाली, आणि अलीकडे रायपूरच्या कृषिविद्यापीठानें हें विष अत्यल्प असलेल्या जाती काढल्या. जेथें जिव्हा मुकी आहे तेथें वैद्यानें निरीक्षण करावें, लिहून ठेवावें, आणि पुढच्या पिढीनें तें वाचावें, यावांचून मार्ग नाहीं. ग्रंथ कशासाठीं, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हें उदाहरण देत आलों आहों.

जनावरांना ग्रंथ नाहींत. मामा तलावांच्या कडेला आणि नाल्यांच्या काठीं फिकट जांभळ्या, कर्ण्यासारख्या फुलांची बेशरम नांवाची वनस्पति दाट माजलेली आपण पाहतों. कोठेंहि फांदी खोंचली कीं ती फुटते, म्हणून तिला हें नांव पडलें. ती मूळची येथील नव्हे. दक्षिण अमेरिकेकडून आलेली आहे. गुरें-शेळ्या तिला सहसा तोंड लावीत नाहींत. परंतु उन्हाळ्यांत सर्वत्र कोरडें झालें आणि हिरवें असें तेवढेंच उरलें म्हणजे एखादी भुकेली शेळी पानें ओरबाडते. त्या दिवशीं तिला कांहीं होत नाहीं, दुसऱ्या दिवशींहि नाहीं. तिला चटक लागते. आणि कित्येक आठवड्यांनीं मान हलूं लागते, पाय लटपटतात, अंग झडतें. आमच्या गांवीं शेळ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांना आम्हीं याविषयीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, “गुरुजी, एकीनं तोंड लावलं का मंग साऱ्याच लावतेत.” या एका वाक्यांत पुढील सर्व शास्त्र आहे.

जेथील ही वनस्पति तेथेंच, म्हणजे ब्राझील देशांत, तिच्यामुळें शेळ्यांचा फार नाश होतो. २०१२ च्या सुमारास तेथील पशुवैद्यांनीं शेळ्यांनाच शिकवावयाचें ठरविलें. शेळीनें बेशरमेचीं पानें खाल्लीं कीं लगेच लिथियम क्लोराइड नांवाचा क्षार तिच्या पोटांत घालावयाचा. त्यानें जीव जात नाहीं, पण मळमळ उत्तम होते. जें विष स्वतः मुकें होतें त्याला अशा रीतीनें वाचा दिली. शिकलेल्या शेळ्या बेशरम टाळूं लागल्या. अमेरिकेंत लार्कस्पर नांवाच्या विषारी झुडपाविषयीं गाईंना असेंच शिकविलें होतें, आणि त्या गाई निराळ्या राखल्या असतां दोन-तीन वर्षें धडा विसरल्या नाहींत. परंतु न शिकलेल्या गाईंबरोबर त्यांना चरावयास सोडतांच त्यांचा निश्चय ढळला. शेजारीण खाते आहे असें पाहून एकीनें एक पान चाखलें. कांहीं झालें नाहीं म्हणून दुसरें चाखलें. आणि थोड्याच दिवसांत पूर्ववत् खाऊं लागली. कॅनडांतील गेलेफ नांवाच्या शास्त्रज्ञानें उंदरांतहि हेंच दाखविलें. ज्या अन्नाची उंदराला शिसारी बसविली होती, तेंच खाऊन आलेल्या दुसऱ्या उंदराचें तोंड त्यानें हुंगलें कीं त्याची शिसारी कमी होई. विलक्षण गोष्ट ही कीं, सोबती खाऊन आजारी पडला आहे असें समोर दिसत असूनहि उंदीर त्या अन्नाविषयीं सावध होत नाहीं; त्याच्या तोंडाचा वास तेवढा घेतो आणि ‘हें खाण्याजोगें आहे’ एवढेंच शिकतो. सोबत ही आवड शिकविते आणि नावड विसरविते; नावड शिकविण्याचें काम ज्याच्या-त्याच्या पोटानेंच करावें लागतें.

विसरण्याची रीत, तर, अशी आहे: थोडें चाखावें, अपाय होऊं नये, पुन्हां चाखावें, जवळ सुखानें खाणारें कोणी असावें. आणि हें विसरणें म्हणजे पाटी पुसणें नव्हे. जुनें अक्षर तसेंच राहतें, त्यावर नवें लिहिलें जातें. मध्यंतरीं बराच काळ गेला, जागा बदलली, अगर प्रकृति बिघडली, तर जुनें अक्षर पुन्हां वर डोकावतें.

आतां घरची गोष्ट. आमच्या कनिष्ठ बंधूंच्या पत्नीस तीन वर्षांपूर्वीं कर्करोग झाला. दर तीन आठवड्यांनीं नागपुरास जाऊन शिरेंतून औषध घ्यावें लागे. पहांटे निघावयाचें म्हणून त्यांच्या आवडीचा वेलदोड्याचा शिरा घरांत करीत. त्या तो खाऊन निघत. तिसऱ्या खेपेनंतर शिऱ्याचा रवा भाजूं लागला कीं त्यांना दुसऱ्या खोलींत जावें लागे. श्रावणांत सत्यनारायण झाला. प्रसादाचा द्रोण हातीं आला तेव्हां त्यांनीं तो कपाळाला लावला आणि खालीं ठेवला. आमच्या मातुःश्री पंचाऐंशी वर्षांच्या. त्यांना हें दृश्य सोसलें नाहीं. “धाकटे, देवाच्या प्रसादाला नाहीं म्हणूं नये ग,” त्या म्हणाल्या. “आई, मन होतें हो, पण घसाच मिटतो,” असें उत्तर आलें आणि दोघींच्याहि डोळ्यांत पाणी उभें राहिलें. त्या रात्रीं मातुःश्री जेवल्या नाहींत. आजारी सुनेवर त्यांचा राग नव्हता. प्रसाद परत गेल्यामुळें आजार बळावेल, ही त्यांची भीति होती. घरांत चार दिवस कोणी मोकळेपणानें बोलेना.

पुतण्या सुटींत आला होता. त्यानें सिएटल येथील इलीन बर्नस्टाइन या विदुषींचा १९७८ सालचा प्रयोग सांगितला. कर्करोगाचें औषध घेण्यापूर्वीं मुलांना एका नव्या स्वादाचें आइस्क्रीम दिलें. कांहीं आठवड्यांनीं ‘आइस्क्रीम हवें कीं खेळ हवा’ असें विचारतां त्या मुलांपैकीं पांचांत जेमतेम एकानें आइस्क्रीम मागितलें. ज्यांना पूर्वीं औषधाबरोबर तें दिलें नव्हतें त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश मुलांनीं मागितलें. मळमळ औषधानें होते हें मुलांना ठाऊक होतें. तरीहि जिभेनें आइस्क्रीमलाच धरलें. बुद्धीला खरा अपराधी माहीत असला तरी जीभ हातीं सांपडेल त्याला पकडते.

हें सर्व आम्हीं मातुःश्रींस समजावून सांगितलें. पण परदेशांतील मुलांपेक्षां त्यांना पटली ती त्यांची स्वतःचीच गोष्ट. “आई, तूं सीताफळ कां ग खात नाहींस?” असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “नऊ वर्षांची होतें. माहेरीं दुपारीं सीताफळ खाल्लें आणि रात्रीं हिवताप भरला. तेव्हांपासून वास नको वाटतो.” हिवताप डांसानें होतो, सीताफळानें नव्हे, हें त्यांना चांगलें माहीत आहे. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग उठून स्वयंपाकघरांत गेल्या आणि धाकटीसाठीं मुगाची पातळ खिचडी टाका, वेलदोडा घरांत कुटूं नका, असें त्यांनीं मोठ्या सुनेस सांगितलें. त्या दिवसापासून नागपुरास निघण्यापूर्वीं शिरा होणें बंद झालें.

बर्नस्टाइनबाईंनीं आणि त्यांच्या सहकारिणीनें १९८७ सालीं आणखी एक युक्ति सांगितली आहे. जेवण आणि औषध यांच्यामध्यें एखाद्या उग्र, बिनमहत्त्वाच्या स्वादाची गोळी चघळावयास द्यावी. म्हणजे जीभ सारा दोष त्या गोळीवर टाकते आणि जेवण वांचतें. डॉक्टरांस विचारून आम्हीं ज्येष्ठमधाच्या स्वादाच्या गोळ्या आणविल्या. उरलेल्या खेपांत नवीन असें दुसरें कोणतेंहि अन्न आमच्या वहिनींनीं टाकलें नाहीं. आज ज्येष्ठमधाचें नांव काढलें कीं त्या नाक मुरडतात. परंतु ज्येष्ठमधावांचून घराचें कांहीं अडत नाहीं.

उपचार संपले. शिऱ्याची गोष्ट कोणी काढूं नये असा मातुःश्रींचा दंडक होता. वर्ष होत आल्यावर नातवंडांची पंगत बसली असतां वहिनींनीं आपण होऊन नखाएवढा शिरा मागितला. तोहि वेलदोडा न घातलेला. पुढच्या खेपेस चमचाभर घेतला. परवांच्या सत्यनारायणास त्यांनीं प्रसाद बसून खाल्ला. मात्र गेल्या पावसाळ्यांत त्यांना साधा ताप आला त्या आठवड्यांत शिऱ्याचा वास पूर्वीसारखाच असह्य झाला, आणि ताप उतरल्यावर पुन्हां सहन होऊं लागला. जुनें अक्षर पुसलेलें नाहीं. त्यावर नवें लिहिलें आहे एवढेंच.

आपल्या एकत्र कुटुंबांत पानांत टाकलेला घास हा पुष्कळदां अपमान, हट्ट किंवा लाडावल्याचें लक्षण समजला जातो. मूल एखादी भाजी नाकारतें तेव्हां त्यांत हट्ट असतोच असें नाहीं. सहा महिन्यांपूर्वींच्या एखाद्या तापाची ती आठवण असूं शकते. त्याला दटावून ती भाजी गिळावयास लावली तर घशापाशीं जें कडू येतें त्यानें जुनाच धडा पक्का होतो. तेंच मूल भुकेलें असतां, भावंडांच्या पंगतींत, कोणी लक्ष देत नाहीं अशा बेतानें कणभर भाजी पानाच्या कडेला वाढली, तर तें बहुधा स्वतःच्या बोटानें चाखून पाहतें. पंगत ही नावड विसरण्याची सर्वांत जुनी शाळा आहे. पण तिच पंगत वाईट गोडीहि लावते, हें शेळ्यांच्या कळपानें दाखविलें आहे. तंबाखू आणि खर्रा आमच्या गांवच्या मुलांत अशाच सोबतीनें पसरले, आणि त्यांचें विष लाखोळीहून सावकाश भिनतें. म्हणून जें जिभेला कळतें त्यांत तिच्यावर सक्ति करूं नये, आणि जें तिला कळत नाहीं त्यांत तिच्यावर विसंबूं नये. पहिल्या गोष्टीस घरांतील वडील माणसांपाशीं धीर पाहिजे. दुसरीसाठीं मुलांना वाचावयास शिकविलें पाहिजे. आमचे पुतणे म्हणतात कीं, तलावाकांठची बेशरम उन्हाळ्यापूर्वीं काढून टाकली आणि शेळ्यांना थोडा सुका चारा मिळाला, तर त्यांना कांहीं शिकविण्याची वेळच येणार नाहीं. येत्या माघांत गांवच्या मुलांना घेऊन तें काम करावें, असा आमचा विचार आहे.